ह्मोंग आणि मियाओ: एकच लोक, की एका नावाखाली मांडलेले अनेक?

मिसिसिपीकाठ यांचा प्रश्न

आम्ही मिनेसोटातील सेंट पॉल येथे राहतो. या शहरात लाओसमधून आलेल्या ह्मोंग लोकांची वस्ती फार मोठी असून आमचे अनेक शेजारी, मुलांचे वर्गमित्र आणि भाजीबाजारातील विक्रेते याच समाजातील आहेत. येथील मराठी मंडळाच्या गुढीपाडवा अंकासाठी 'आपले शेजारी' या सदरात ह्मोंग समाजावर एक लेख घ्यायचे ठरले आहे आणि तो लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. संपादकांपैकी एकाचे म्हणणे असे की चीनमध्ये ज्यांना 'मियाओ' म्हणतात तेच हे लोक, त्यामुळे शीर्षकात 'ह्मोंग (मियाओ)' असे लिहावे आणि मुखपृष्ठावर गुइझोउ प्रांतातील, डोक्यावर चांदीची मोठी शिंगे असलेला मुकुट घातलेल्या तरुणींचे छायाचित्र घ्यावे. दुसऱ्या संपादकांना हे पटलेले नाही. ह्मोंग लोकांना 'मियाओ' हा शब्द अपमानास्पद वाटतो असे त्यांनी ऐकले आहे.

थँक्सगिव्हिंगच्या सुटीत येथील सभागृहात ह्मोंग नववर्षाचा मोठा सोहळा होतो. तेथे तरुण-तरुणी समोरासमोर रांगा करून एकमेकांकडे चेंडू टाकत असतात, हे मी पाहिले आहे. चीनमधील मियाओंच्या सणांची जी वर्णने वाचली त्यांत मात्र या चेंडूचा उल्लेख कुठेच नव्हता. तेथे रंगीत भात, नौका आणि म्हशींचे बळी यांविषयीच लिहिले होते. हे लोक एकच असतील तर सण इतके वेगळे कसे, आणि वेगळे असतील तर नावांची ही सरमिसळ कुठून आली? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

भाषाविचार यांचे उत्तर

शीर्षकातला कंस काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 'मियाओ' हा चीनच्या शासनाने केलेला वर्ग आहे आणि 'ह्मोंग' हे त्या वर्गात मोडणाऱ्या अनेक समाजांपैकी एकाने स्वतःला दिलेले नाव आहे. चीनमधील ह्मोंग कागदोपत्री मियाओ असतात, परंतु मियाओंपैकी फार मोठा भाग ह्मोंग नाही, आणि लाओसमार्गे अमेरिकेत आलेल्या ह्मोंगांचा त्या शासकीय वर्गाशी संबंधच येत नाही.

हा वर्ग कसा तयार झाला ते पाहिले की गोंधळ बराचसा दूर होतो. 1953 च्या जनगणनेत चीनमधील लोकांनी आपल्या समाजाची म्हणून चारशेहून अधिक नावे सांगितली. एवढ्या नावांवर राज्यकारभार चालवणे अशक्य असल्याने भाषातज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञांची पथके पाठवून त्यांचे गट पाडण्यात आले. ते काम 1979 मध्ये 56 मान्यताप्राप्त समाजांवर येऊन थांबले. मियाओ हा त्यांतलाच एक असून 2020 च्या जनगणनेनुसार त्यांची संख्या सुमारे 1 कोटी 10 लाख आहे. या एका नावाखाली आग्नेय गुइझोउमधील ह्मू, पश्चिम हुनानमधील को श्योंग, वायव्य गुइझोउ व ईशान्य युन्नानमधील आ-ह्माओ आणि दक्षिण सिचुआनपासून युन्नानपर्यंत पसरलेले ह्मोंग असे मुख्य समाज येतात. यांच्या भाषा एका कुळातल्या असल्या तरी ह्मू माणसाचे बोलणे ह्मोंग माणसाला कळत नाही. दोघे भेटले तर चिनी भाषेत बोलतात.

वर्गाच्या कडांवर तर फारच गंमत आहे. हायनान बेटावरचे 'मियाओ' घरात जी भाषा बोलतात ती याओ या दुसऱ्याच मान्यताप्राप्त समाजाच्या भाषांपैकी आहे. उलट ग्वांग्शीमधील बुनू लोकांची भाषा मियाओ भाषांच्या जवळची आहे, पण त्यांची नोंद याओ म्हणून झाली. गुइझोउमधील 'ग' नावाचा समाज तर आपण मियाओ नाहीच असे अनेक दशके सांगत आला आहे आणि तरीही शासनदरबारी तो मियाओच आहे.

शब्द मात्र शासनाने नव्याने घडवलेला नाही. चिनी ग्रंथांत 'मियाओ' हा उल्लेख फार जुना आहे, आणि मिंग व छिंग काळात तो नैर्ऋत्येकडील नाना डोंगरी लोकांना सरसकट लावला जाई. जे कर भरत आणि चिनी रीतीने राहत ते 'शिजलेले' मियाओ आणि जे दाद देत नसत ते 'कच्चे' मियाओ, अशी त्या काळच्या दप्तरातली विभागणी होती. गुइझोउ आणि लगतच्या हुनानमध्ये 1735, 1795 आणि 1854 असे तीन मोठे उठाव झाले. शेवटचा जवळजवळ वीस वर्षे चालला आणि क्रूरपणे मोडून काढण्यात आला. जमिनीची टंचाई, कर आणि या धामधुमी यांमुळे एकोणिसाव्या शतकात जे लोक दक्षिणेकडे उतरून आजच्या व्हिएतनाम, लाओस आणि थायलंडच्या डोंगरांत गेले, ते मुख्यतः ह्मोंग होते. तेथील शेजाऱ्यांनी चिनी शब्दाचे 'मेओ' केले. व्हिएतनामी आणि थाई भाषांत मांजराला जवळजवळ हाच शब्द असल्यामुळे त्याला लागलेली हेटाळणी मराठी कानालाही वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. तुमच्या दुसऱ्या संपादकांनी जे ऐकले आहे ते या इतिहासातून आलेले आहे.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. चीनमध्ये 'मियाओ' ही आज शिवी राहिलेली नाही. आग्नेय गुइझोउचा मियाओ-दोंग स्वायत्त विभाग 1956 मध्ये आणि युन्नानमधील वेनशानचा ज्वांग-मियाओ स्वायत्त विभाग 1958 मध्ये स्थापन झाला. तेव्हापासून शिक्षण, नोकऱ्या आणि प्रतिनिधित्व याच नावाने मिळत आले आहे, आणि वेनशानचा ह्मोंग अध्यापक चिनी भाषेत स्वतःला मियाओ म्हणवताना संकोचत नाही. म्हणून मी असे सुचवेन की सेंट पॉलच्या लोकांविषयी लिहिताना केवळ 'ह्मोंग' लिहावे, आणि चीनमधील कोणाविषयी लिहायचे झाल्यास 'मियाओ' लिहून पुढे त्यांचा नेमका समाज सांगावा.

छायाचित्रातला शिंगांचा मुकुट ह्मू स्त्रियांचा आहे. लाओसमधून आलेल्या तुमच्या शेजारणीच्या आजीने तो कधी घातलेला नसणार. तिच्या पेटीत चांदीचा जाडजूड गळ्यातला अलंकार, नाण्यांनी मढवलेला कमरपट्टा आणि 'पा न्दाउ' म्हणजे भरतकाम केलेले कापड सापडेल. मुखपृष्ठासाठी तेच मागून घ्या.

---

पूर्वेकडे यांचे उत्तर

कामानिमित्त गुइयांग शहरात काही वर्षे राहिल्यामुळे ह्मू लोकांच्या गावांत जाण्याची संधी मला मिळाली, म्हणून सणांबद्दल लिहितो. भाषाविचार यांनी केलेली विभागणी सणांच्या दिवसांत प्रत्यक्ष दिसते, कारण या लोकांचा प्रत्येक सण एखाद्या नदीच्या खोऱ्याचा किंवा काही ठरावीक गावांचा असतो. सगळ्या मियाओंचा म्हणून एकही सण नाही.

तुम्ही वाचलेला रंगीत भात हा ताइज्यांग तालुक्यातील, विशेषतः शिदोंग परिसरातील, भगिनी-भोजनाच्या सणाचा आहे. तो चांद्र पंचांगातील तिसऱ्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी सुरू होतो. पानाफुलांच्या रसाने रंगवलेला चिकट भात मुली शिजवतात आणि भात मागायला आलेल्या मुलांना त्यात खूण लपवून देतात. खाण्याच्या काड्यांची जोडी निघाली तर होकार समजावा, एकच काडी निघाली तर नकार. पाइनच्या सुया निघाल्या तर भरतकामासाठी सुया-दोरे घेऊन परत यावे, आणि मिरची किंवा लसूण निघाली तर पुन्हा तोंड दाखवू नये. पर्यटनाच्या जाहिराती या सणाला प्रेमिकांचा दिन म्हणून विकतात, ते मला मुळीच रुचत नाही. सणाच्या नावातच बहिणी आहेत: लग्न होऊन गेलेल्या मुली माहेरी येतात, अविवाहित बहिणींबरोबर बसून जेवतात, आणि आई मुलीला दागिन्यांनी नखशिखांत सजवून ढोलाभोवतीच्या नाचाला पाठवते. मुलांना दिलेला भात हा त्या मोठ्या मेळ्याचा एक भाग आहे, आणि बायकांच्या लेखी तो मुख्य भाग आहे असे मला कधी वाटले नाही.

त्याच परिसरात, छिंगश्वेइ नदीवर, पाचव्या महिन्याच्या चोविसाव्या दिवसापासून नौकांचा सण असतो. हान चिनी लोकांचा नौकोत्सव त्याच महिन्याच्या पाचव्या दिवशी होऊन गेलेला असतो आणि दोहोंच्या कथाही वेगळ्या आहेत. येथील नौका कोरलेल्या खोडांची असते, मधल्या मोठ्या खोडाच्या दोन्ही बाजूंना दोन लहान खोडे बांधलेली असतात, आणि वल्हवणारे पुरुष उभे राहून वल्हवतात. नदीतल्या एका दुष्ट नागाला मारल्याची कथा त्यामागे आहे.

म्हशींच्या बळीचा सण तेराव्या वर्षी येतो, म्हणजे आपल्या मोजणीने बारा वर्षांच्या अंतराने. एकाच पूर्वजाचा ढोल मानणारी गावे तो मिळून करतात. ह्मू कथेनुसार मेपलच्या झाडातून फुलपाखरू-माता जन्मली आणि तिच्या बारा अंड्यांतून माणसासह सगळे जीव निघाले; म्हणून पूर्वज त्या झाडातच राहतात आणि त्यांना जागवायचे तर ढोल वाजवायचा. घराण्याला हा सण आर्थिकदृष्ट्या अतिशय जड जातो, आणि त्याची तयारी कित्येक वर्षे आधी सुरू होते.

नववर्ष लेइशान भागात कापणीनंतर, साधारणतः दहाव्या महिन्यात येते, पण प्रत्येक गावाचा दिवस निराळा असतो. त्यामुळे एका गावचे पाहुणे दुसऱ्या गावाला जाऊ शकतात आणि सण कित्येक आठवडे फिरत राहतो. या दिवसांत लुशेंग हे बांबूच्या नळ्यांचे वाद्य वाजते. पेरणीपासून कापणीपर्यंत ते वाजवू नये असा अनेक गावांचा दंडक आहे. शिज्यांग या हजारहून अधिक घरांच्या गावात मात्र आता पर्यटकांसाठी ते बाराही महिने वाजते. 2008 नंतर त्या गावाचे रूप पार बदलले. याला मी ऱ्हास म्हणणार नाही, कारण घरोघरी पैसा आला आणि शहरात गेलेली मुले परतली. पण शिज्यांगच्या मंचावर जे दिसते त्यावरून बाजूच्या खेड्यांतल्या सणाचा अंदाज बांधू नये.

---

मिसिसिपीकाठ

दोघांचेही आभार. कंस आणि छायाचित्र या दोन्हींचा निर्णय आता सोपा झाला. आणखी दोन गोष्टी विचारतो. चेंडूच्या खेळात परक्या माणसाने सामील व्हावे का? आणि 'केंग' नावाचे वाद्य वाजवणाऱ्या एका तरुणाला पाडव्याच्या कार्यक्रमात बोलवावे, अशी मंडळात चर्चा आहे. त्यात काही आक्षेपार्ह ठरेल का?

---

व्हॅलीतला मराठी यांचे उत्तर

मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नो येथे राहतो. 26 डिसेंबरच्या सुमारास सुरू होऊन 1 जानेवारीपर्यंत चालणारा येथील ह्मोंग नववर्षाचा मेळा अमेरिकेतील सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. आधी चेंडूविषयी लिहितो.

या खेळाला 'पॉ पॉ' म्हणतात. पूर्वी काळ्या कापडाचा शिवलेला चेंडू असे, आता टेनिसचा असतो. खेळात जिंकण्या-हरण्यासारखे काही नाही. चेंडू टाकता टाकता बोलणे चालू राहावे, हा त्याचा उद्देश. चेंडू ज्याच्या हातून पडेल त्याने अंगावरचा एखादा दागिना समोरच्याला द्यायचा, आणि तो परत हवा असेल तर 'कुत्सिया' गायचे. कुत्सिया म्हणजे जोडकडव्यांचे, बरेचसे आयत्या वेळी रचलेले गाणे. दोन्ही कडव्यांचा साचा सारखा असतो आणि शेवटचे यमक बदलून अर्थ पुढे जातो. आता अमेरिकेत वाढलेल्या फार थोड्या मुलांना ते गाता येते, त्यामुळे गाणी म्हाताऱ्यांच्या स्पर्धांत ऐकायला मिळतात आणि चेंडूच्या रांगेत फोनचे क्रमांक दिले-घेतले जातात.

खरा नियम मात्र अजून पक्का आहे. ज्याच्याकडे चेंडू टाकायचा त्याचे कुळ आपल्याहून वेगळे हवे. अमेरिकेत ह्मोंगांची अठरा कुळे मानली जातात. वांग, यांग, ली, श्योंग, मुआ, थाओ ही आडनावे तुमच्या परिचयाची असतील. दोन यांग एकमेकांना पूर्वी कधी भेटलेले नसले, एक फ्रान्समधला आणि दुसरा विस्कॉन्सिनमधला असला, रक्ताचे नाते कोणालाही दाखवता येत नसले, तरी ते भाऊ-बहीण ठरतात आणि त्यांचे लग्न अशक्य होते. आपल्याकडच्या सगोत्र विवाहाच्या निषेधाची आठवण होईल, पण गोत्र आपल्याला लग्न जुळवताना किंवा संकल्पाच्या वेळी आठवते, तर ह्मोंग माणूस परक्या गावी गेल्यावर कोणाच्या घरी उतरायचे हे कुळावरून ठरवतो. परक्या माणसाला कोणी बोलावले तर त्याने चार चेंडू टाकायला हरकत नाही. लोक हसून सामावून घेतात. रांगेत आपण होऊन शिरू नये एवढेच.

तुम्ही सभागृहात पाहिला तो नववर्षाचा सार्वजनिक भाग होता. 'नॉ पे चाउ', म्हणजे वर्षाच्या शेवटच्या महिन्यातील तिसाव्या दिवसाचे जेवण, हे घरात होते, आणि माझ्या मते सण तोच आहे. त्या दिवशी घरातला वडीलधारा दाराजवळ उभा राहून अंडी, कोंबडी आणि उदबत्ती मांडून घरातल्या प्रत्येकाचा आत्मा नाव घेऊन परत बोलावतो. याला 'हू प्ली' म्हणतात. माणसाला एकाहून अधिक आत्मे असतात आणि भीतीने, आजाराने किंवा प्रवासात त्यांपैकी एखादा मागे राहतो, अशी समजूत आहे. तो आला की नाही, हे शिंगाचे दोन अर्धे तुकडे जमिनीवर टाकून ते कसे पडले त्यावरून आणि उकडलेल्या कोंबडीचे पाय पाहून ठरवतात. मुख्य दारासमोरच्या भिंतीवर 'सू का' या घरच्या संपत्तिरक्षक देवतेचा कागद असतो. तो नवा लावून त्यावर कोंबड्याच्या रक्ताने पिसे चिकटवतात. घराबाहेर 'लू शू' होते: एका कमानीतून किंवा गवताच्या दोरीखालून सगळे जण ओळीने फेऱ्या घालतात आणि वडीलधारा जिवंत कोंबडा त्यांच्यावरून फिरवत जुन्या वर्षाची पीडा काढून टाकतो.

ज्या लोकांनी 1975 मध्ये लाओसमधील लाँग च्येंगचा लष्करी तळ पडल्यावर रात्री मेकाँग नदी ओलांडली आणि थायलंडच्या छावण्यांत वर्षानुवर्षे काढली, त्यांच्या घरात 'मागे राहिलेला आत्मा' या शब्दांना किती भार असेल, हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेसाठी जनरल वांग पाओ यांच्या हाताखाली लढलेल्यांची ती पिढी आता थकली आहे.

लेखात एक गोष्ट मात्र जरूर घाला. सगळेच ह्मोंग हे विधी करत नाहीत. लाओसमध्ये 1950 च्या सुमारास ख्रिस्ती प्रचाराला मोठा प्रतिसाद मिळाला आणि येथेही अनेक कुटुंबे चर्चमध्ये जातात. त्यांच्या घरी सू का नसतो, कोंबडी कापली जाते ती केवळ जेवणासाठी, पण मेळ्यात त्यांच्या मुलीही तीच नाणी लावलेली वस्त्रे घालून चेंडू टाकताना दिसतात.

---

रानवाट यांचे उत्तर

व्हिएतनामच्या उत्तर सीमेवरील हा-ज्यांग भागात फिरताना पाहिलेले थोडक्यात लिहितो, कारण ते भाषाविचार यांच्या मुद्द्याला पुष्टी देते. 2019 च्या जनगणनेनुसार व्हिएतनाममध्ये जवळपास 14 लाख ह्मोंग आहेत. तेथे चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यात 'गाउ ताओ' नावाचा सण टेकडीवर होतो. मूल होत नसलेले किंवा आजाराने गांजलेले कुटुंब नवस बोलते आणि नवस फेडण्यासाठी उंच बांबू रोवून, त्याला कापड बांधून सगळ्या गावाला बोलावते. रीत पूर्ण करायची तर लागोपाठ तीन वर्षे ते करावे लागते. सीमेपलीकडे वेनशानमध्ये ह्मोंग लोक याच दिवसांत 'फूल-डोंगराचा' सण करतात. तेथेही उंच खांब असतो, त्यावर चढण्याची चढाओढ लागते, आणि तोही मूळचा संततीच्या नवसाशीच जोडलेला आहे. आता वेनशान आणि लेइशान एकाच देशात आहेत आणि हा-ज्यांग दुसऱ्या देशात, पण सणाच्या दृष्टीने पाहिले तर वेनशानचे ह्मोंग हा-ज्यांगचे सख्खे आणि लेइशानच्या ह्मूंचे लांबचे ठरतात.

'मियाओ' या शब्दाबद्दल मी भाषाविचार यांच्याइतका मवाळ नाही. चीनमध्ये तो प्रतिष्ठित झाला असेल, पण वाचक सेंट पॉलचे असतील तर लेखात तो टाळलेलाच बरा.

---

भाषाविचार

टाळण्याऐवजी एका परिच्छेदात समजावून सांगावा, असे मी म्हणेन. कारण अमेरिकेतले ह्मोंग स्वतःच 1980 च्या दशकापासून आपल्या पूर्वजांची भूमी शोधत गुइझोउ आणि युन्नानला जात आले आहेत. तेथे गेल्यावर त्यांना ह्मू गावांतली चांदी आणि शिंगांचे मुकुट आवडतात, ते वस्त्रे विकत आणतात, आणि फ्रेस्नोच्या मेळ्यात आता काही मुली चिनी कारखान्यांत शिवलेल्या मियाओ धाटणीच्या पोशाखात दिसतात. पांढरे ह्मोंग, हिरवे ह्मोंग असे जुने पोटभेद ज्या कपड्यांवरून ओळखले जात, ते कपडेच आता हौसेनुसार बदलतात. वेनशानमध्ये ह्मोंग बोली जुळते, कुळही जुळते आणि यांग माणसाला यांग भाऊ सापडतो. गुइझोउच्या पूर्व भागात मात्र दुभाषी लागतो आणि कुळही जुळत नाही, कारण तेथे ह्मू लोक आडनावापेक्षा मुलाच्या नावापुढे बापाचे नाव जोडून वंश सांगतात. तरीही 'आपण सगळे एक' ही भावना दोन्हीकडे वाढते आहे, आणि ती खोटी आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. केवळ ती अलीकडची आहे, एवढे लेखात यावे.

---

व्हॅलीतला मराठी

केंगविषयीचे उत्तर राहिले होते. लाकडी पोकळ भागात बसवलेल्या सहा बांबूच्या नळ्या आणि प्रत्येकीत धातूची पातळ जीभ, असे हे वाद्य आहे. लुशेंगचे ते जवळचे नातेवाईक. ह्मोंग भाषेत स्वर चढा की उतरता यावर शब्दाचा अर्थ बदलतो, आणि केंग वाजवणारा ते चढ-उतार सुरांत उतरवतो. त्यामुळे जाणकाराला त्या सुरांतून वाक्ये ऐकू येतात. या वाद्याचे सर्वांत दीर्घ आणि सर्वांत काटेकोर वादन अंत्यविधीचे असते: मृताला त्याचा श्वास थांबल्याचे सांगायचे, मग जन्मगावापर्यंत एकेका मुक्कामाचे नाव घेत त्याला पूर्वजांकडे पोहोचवायचे. ती वाक्ये मृतासाठी असतात. अनेक घरांत ती सरावासाठीही घरात वाजवू देत नाहीत.

नववर्षाच्या वेळी गिरक्या घेत, उकिडवे बसून पाय फेकत वाजवण्याचा प्रकार वेगळा असून तो मंचावर सर्रास होतो, आणि सेंट पॉलमध्ये मुलांना तो शिकवलाही जातो. तेव्हा त्या तरुणाला निःसंकोच बोलवावे. 'तुमचे सर्वांत जुने, पारंपरिक काहीतरी वाजवा' अशी फर्माईश मात्र करू नये. काय वाजवायचे ते त्याच्यावर सोपवावे, आणि कार्यक्रम सणाचा आहे, घरात नव्या वर्षाची सुरुवात आहे, हे त्याला आधी नीट सांगावे.